हात बांधायचा की हलवायचा? : खांद्याच्या एका दुरुस्तीचा इतिहास

ऑपरेशननंतर आठवडाभराने फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी आली. तिने मला जेवणाच्या टेबलाशी उभं केलं, डावा हात टेबलावर टेकवायला सांगितला आणि कमरेत वाकवलं. मग उजव्या हाताची झोळी सोडली. हात विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखा लोंबायला लागला.

"आता कंबर हळू हलवा काकू. हात तुम्ही हलवायचा नाही, तो आपोआप हलला पाहिजे."

मी हात हलवला. तिने लगेच थांबवलं. "हे तुम्ही केलंत. तो सैल सोडा."

तीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला, म्हणजे तीस वर्षं हा हात फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत नेला. त्याला काही न करू देणं इतकं कठीण असेल असं वाटलं नव्हतं. दिवाळीच्या आधी माळ्यावरून फराळाचे डबे काढताना खांद्यात काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि त्यानंतर अंबाडा घालायलाही हात वर जाईना. एमआरआयमध्ये दिसलं की सुप्रास्पायनेटस नावाच्या स्नायूची कंडरा, डॉक्टर जिला टेंडन म्हणतात ती, हाडापासून पूर्ण सुटली आहे. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, हाडात छोटे अँकर बसवून कंडरा दोऱ्यांनी पुन्हा हाडाला बांधली. सहा आठवडे झोळी, आणि तेवढा काळ हा लोंबता हात सोडून दुसरं काही नाही.

त्याच सुमारास नाशिकला माझ्या नणंदेचं हेच ऑपरेशन झालं. तिला दुसऱ्या दिवसापासून पुलीचा व्यायाम दिला. ती फोनवर म्हणाली, "वहिनी, तुमचे डॉक्टर जुन्या वळणाचे दिसतात. हात असा बांधून ठेवलात तर खांदा धरेल." मी माझ्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "त्यांनी एवढ्यात हलवला तर टाके सुटतील." शेजारच्या आजींचं तिसरंच, तेल लावून चोळून घे.

वन्संचं खरं की माझं? दोन शिकलेली, अनुभवी माणसं एकाच जखमेसाठी नेमके उलटे सल्ले कसे देतात? व्यायाम शिकवून झाल्यावर ती मुलगी सहज म्हणाली होती, "याला कॉडमनचा व्यायाम म्हणतात." कोण हा कॉडमन, असं विचारलं तर तिला ठाऊक नव्हतं. मला सहा आठवडे दुसरं काम नव्हतं. डाव्या हाताने पानं उलटत मी त्याचा माग काढला.

बशीतलं लिंबू

आधी खांद्याची रचना थोडक्यात. मांडीचं हाड कमरेच्या खोल खोबणीत घट्ट बसतं. खांद्याची खोबण उथळ असते, तिच्यातला दंडाच्या हाडाचा गोळा म्हणजे बशीत ठेवलेलं लिंबू. म्हणूनच हात वर, खाली, मागे, पाठीवर, सगळीकडे जातो, आणि म्हणूनच तो निसटूही शकतो. लिंबू बशीत धरून ठेवण्याचं काम चार स्नायूंच्या कंडरा करतात. त्या गोळ्याला बाहीच्या पट्टीसारख्या वेढतात, म्हणून त्यांना एकत्रितपणे रोटेटर कफ म्हणतात. त्यातली सर्वांत वरची सुप्रास्पायनेटस खांद्याच्या हाडाच्या छपराखालून जाते. तीच सर्वांत जास्त वेळा फाटते.

फाटलेली कंडरा डॉक्टरांनी फार पूर्वीपासून पाहिली होती, पण मेलेल्या माणसांत. एडिंबराच्या अलेक्झांडर मन्रो यांच्या १७८८च्या ग्रंथात तिचं चित्र आहे. १८३४ साली लंडनच्या एका वैद्यकीय पत्रात जे. जी. स्मिथ यांनी शवविच्छेदनात सापडलेल्या अशा सात खांद्यांचं वर्णन केलं. जिवंत माणसाचा हात वर जात नसेल तर त्याचं कारण हेच असेल, हा विचार रुजायला पुढे बरीच दशकं गेली. पॅरिसच्या द्युप्ले यांनी १८७२ साली ताठरलेल्या, दुखऱ्या खांद्यांसाठी सांध्याभोवतीची सूज असं एक मोघम निदान रूढ केलं. त्या एका पिशवीत पुढे सगळेच खांदे टाकले गेले.

विश्रांतीवाले आणि हालचालवाले

वन्संचं आणि माझं भांडण खांद्याच्या शस्त्रक्रियेपेक्षाही जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये विश्रांतीचा पंथ जोरात होता. जॉन हिल्टन यांनी १८६०च्या दशकात विश्रांती आणि वेदना या विषयावर व्याख्यानं दिली, ती पुस्तकरूपाने डॉक्टरांच्या पिढ्यांनी वाचली. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस हे हाडं बसवणाऱ्यांच्या घराण्यातले, स्वतः रीतसर शिकलेले डॉक्टर. दुखरा सांधा पूर्ण, अखंड आणि दीर्घकाळ स्थिर ठेवा, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या नावाचा स्प्लिंट आजही वापरात आहे.

त्याच काळात फ्रान्समध्ये ज्युस्त लुका-शांपियोनिएर नेमकं उलट सांगत होते. मोडलेल्या हाडालासुद्धा हलकी हालचाल आणि मसाज हवा, नाहीतर हाड जुळेल आणि सांधा मरेल. सहकाऱ्यांना हे धोक्याचं वाटायचं.

दोघांकडेही बरे झालेले रुग्ण होते आणि दोघेही प्रामाणिक होते. मात्र बरं झालेला रुग्ण नेमका कशामुळे बरा झाला, हे तपासायची रीत दोघांकडेही नव्हती. माझ्या शोधातला कॉडमन इथे येतो, आणि तो या दोघांपेक्षा मला वेगळा वाटला तो याच मुद्द्यावर.

बॉस्टनचा हट्टी माणूस

अर्नेस्ट एमरी कॉडमन यांचा जन्म १८६९ सालचा, बॉस्टनच्या जुन्या प्रतिष्ठित घराण्यातला. हार्वर्डमध्ये शिकताना भूल देण्याचं काम विद्यार्थ्यांकडेच असे. ते आणि त्यांचा वर्गमित्र हार्वी कुशिंग (पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेतलं मोठं नाव झालेले) यांनी ईथर देताना रुग्णाची नाडी आणि श्वास कागदावर नोंदवायला सुरुवात केली. ऑपरेशन चालू असताना भुलेचा तक्ता ठेवण्याची पद्धत या दोघा पोरांपासून सुरू झाली असं मानतात. नोंद ठेवायची सवय तेव्हापासूनची.

मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये काम करताना कॉडमन खांद्याकडे वळले. १९०९ साली त्यांनी सुटलेली सुप्रास्पायनेटस कंडरा हाडाला पुन्हा शिवली आणि १९११ साली अशा दोन रुग्णांचा वृत्तान्त छापला. माझ्या खांद्यातल्या अँकरचे हे पणजोबा.

शिवल्यावर पुढे काय, हा प्रश्न त्यांच्यासमोर होताच. त्या काळी खांद्याचा दुखरा हात शरीरापासून लांब, आडवा धरून ठेवणाऱ्या चौकटी वापरत. विमानाच्या पंखासारखा दिसतो म्हणून अशा एका चौकटीला पुढे एअरोप्लेन स्प्लिंट म्हणू लागले. कॉडमन यांनी एक साधी गोष्ट पाहिली. माणूस ताठ उभा असताना हात वर न्यायचा तर सुप्रास्पायनेटसला तो गुरुत्वाकर्षणाविरुद्ध उचलावा लागतो. तोच माणूस कमरेत वाकला आणि हात लोंबू दिला, तर हात धडाशी जवळपास काटकोनात येतो. खांद्याच्या दृष्टीने तो वर गेलेलाच असतो, पण उचलला कोणीच नाही, पृथ्वीने ओढला. फाटलेल्या कंडरेला काम न लावता सांधा मोकळा ठेवण्याची ही युक्ती.

विश्रांती हवी की हालचाल, या भांडणात कॉडमन यांनी दोन्ही बाजूंना एका व्यायामात बसवलं. कंडरेला विश्रांती, सांध्याला हालचाल. टेबलाला धरून मी करत होते ते हेच. 'फ्रोझन शोल्डर' हा शब्दही त्यांचाच, १९३४ साली छापलेल्या 'द शोल्डर' या ग्रंथातला. आज आपल्या वाड्यांतल्या आजीबाईसुद्धा तो शब्द सहज वापरतात.

एक वर्षानंतर काय?

पण कॉडमन यांना नोकरी गमवावी लागली ती खांद्यामुळे नाही. त्यांचा एक साधा हट्ट होता. प्रत्येक रुग्णामागे एक कार्ड ठेवा. आधी काय निदान होतं, काय उपचार केले, काय बिघडलं ते लिहा. मग वर्षभराने त्या माणसाला शोधून विचारा, बरा आहेस का? नसेल तर का नाही ते शोधा, आणि हे सगळं जाहीर करा. याला ते 'एंड रिझल्ट' म्हणत, शेवटचा निकाल.

ऐकायला हे निरुपद्रवी वाटतं. पण रुग्णालयात बढती ज्येष्ठतेवर मिळत असे. निकालावर मोजमाप झालं तर मोठमोठी नावं अडचणीत येणार होती. १९१४ साली कॉडमन यांनी राजीनामा दिला आणि लगेच मुख्य सर्जनच्या पदासाठी अर्ज केला. माझे निकाल इतरांपेक्षा चांगले आहेत, हे कारण देऊन. अर्थातच नेमणूक झाली नाही.

जानेवारी १९१५मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांच्या एका सभेत त्यांनी मोठं व्यंगचित्र उघडं केलं. त्यात वाळूत डोकं खुपसलेला शहामृग होता, म्हणजे शहरातले श्रीमंत रुग्ण. तो मागच्या मागे सोन्याची अंडी डॉक्टरांकडे लाथाडत होता. रुग्णालयाचे विश्वस्त आणि हार्वर्डचे अध्यक्षही चित्रात होते. निकाल कळले तर हा पक्षी अंडी घालायचा थांबेल का, अशा विवंचनेत. सभेत गदारोळ झाला. कॉडमन यांचं त्या मंडळातलं अध्यक्षपद गेलं आणि हार्वर्डमधलं शिकवणंही.

त्यांनी स्वतःचं छोटं रुग्णालय आधीच काढलं होतं. १९११ ते १९१६ या काळात तिथून ३३७ रुग्ण घरी गेले. त्या रुग्णांच्या बाबतीत झालेल्या १२३ चुका कॉडमन यांनी स्वतः मोजल्या आणि स्वतःच्या खर्चाने छापून वाटल्या. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. शाळेत मी एवढी वर्षं पेपर तपासले, पण माझ्या शिकवण्यातल्या चुकांची यादी कधी केली नाही.

रुग्णालय तोट्यात जाऊन बंद पडलं. 'द शोल्डर'सुद्धा त्यांनी पदरमोड करून छापलं. १९४० साली ते वारले आणि बॉस्टनजवळच्या माउंट ऑबर्न दफनभूमीत पत्नीच्या माहेरच्या जागेत त्यांना पुरलं. त्या जागेवर नावाचा दगड नव्हता. तो २०१४ साली, चौऱ्याहत्तर वर्षांनी, डॉक्टरांच्या संस्थांनी मिळून बसवला. रुग्णालयांची गुणवत्ता तपासणाऱ्या आजच्या यंत्रणा त्यांनाच आपले पूर्वज मानतात.

शिकवणारे हात

कॉडमन यांनी व्यायाम सांगितला, पण तो रोज करून घेणारं माणूस कुठून आलं? माझ्या घरी आलेल्या मुलीच्या व्यवसायाचा इतिहासही तितकाच खडतर आहे. स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ साली स्टॉकहोममध्ये व्यायामविद्येची संस्था काढली. लंडनमध्ये १८९४ साली परिचारिकांनी प्रशिक्षित मसाज करणाऱ्या स्त्रियांची सोसायटी स्थापन केली. तेव्हा मसाज या नावाखाली भलतेच धंदे चालतात अशी ओरड वर्तमानपत्रांत चालू होती आणि आपलं काम सभ्य आहे हे त्यांना सिद्ध करावं लागलं. पहिल्या महायुद्धाने जखमी सैनिकांच्या रांगा लावल्या आणि या स्त्रियांची गरज सरकारांना पटली.

मग पोलिओ आला. पोलिओ झालेल्या मुलांचे हातपाय महिनोन्‌महिने प्लास्टरमध्ये आणि स्प्लिंटमध्ये बांधून ठेवण्याची पद्धत होती. ऑस्ट्रेलियातल्या एलिझाबेथ केनी या परिचारिकेने ते बांधणं सोडलं. गरम कापडाचे शेक आणि हालचाल, एवढंच ती करत असे. डॉक्टरांनी तिला वेड्यात काढलं आणि बऱ्याच वर्षांनी तिचं ऐकलं. विश्रांतीवाले आणि हालचालवाले यांची तीच जुनी लढाई, या वेळी मुलांच्या पायांवरून.

आपल्याकडे ही विद्या आली ती परळच्या केईएम रुग्णालयात. १९५० साली तिथे ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली कमला निंबकर यांनी. मूळच्या अमेरिकेतल्या एलिझाबेथ लंडी, विष्णू निंबकर यांच्याशी लग्न करून इथल्या झालेल्या. आशियातली ती अशी पहिली शाळा मानली जाते. पाठोपाठ पन्नासच्या दशकाच्या आरंभी मुंबई महापालिका, भारत सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने तिथेच फिजिओथेरपीची शाळाही उघडली. त्या मुलीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "आम्हाला हे कुणी शिकवलंच नाही, काकू." मग पुढच्या खेपेला तिने कमला निंबकरांबद्दल आणखी विचारलं.

हालचालीची लाट

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पारडं हळूहळू हालचालवाल्यांकडे झुकलं. न्यूयॉर्कचे हॅरिसन मॅकलॉफ्लिन यांनी १९४४ साली कंडरा हाडात चर खणून बसवायची पद्धत मांडली. तिथलेच चार्ल्स नीअर यांनी १९७२ साली सांगितलं की खांद्याच्या छपराचं हाड कंडरेला घासतं आणि ती झिजून फाटते. छपराचा पुढचा भाग तासून काढला की घासणं थांबेल. नीअर यांचा भर शस्त्रक्रियेइतकाच नंतरच्या व्यायामावर होता. आधी दुसऱ्याच्या हाताने हालचाल, मग स्वतःच्या, मग ताकदीची. आजही माझ्या कागदावर तीच शिडी आहे, फक्त पायऱ्यांवरचे आठवडे बदललेत.

सत्तरच्या दशकात टोरांटोचे रॉबर्ट सॉल्टर सशांच्या गुडघ्यांवर प्रयोग करत होते. यंत्राने सतत, हळू हलवत ठेवलेल्या सांध्यातली कूर्चा बांधून ठेवलेल्या सांध्यापेक्षा चांगली भरून आली. त्यातून आपोआप हालचाल देणारी यंत्रं निघाली, आधी गुडघ्यासाठी, पुढे खांद्यासाठीही. मग दुर्बिणीची शस्त्रक्रिया आली. जपानच्या केंजी ताकागी यांनी १९१८ साली मृतदेहाच्या गुडघ्यात दुर्बीण घालून पाहिली होती. नव्वदच्या दशकात खांद्याची पूर्ण दुरुस्ती चार-पाच छोट्या भोकांतून होऊ लागली. जखम छोटी, वेदना कमी, मग हात बांधून का ठेवायचा? वन्संच्या डॉक्टरांचा कागद या काळाचा वारस आहे.

आत डोकावल्यावर

एवढ्यात कुणीतरी कॉडमनचा प्रश्न पुन्हा विचारला. वर्षानंतर काय? या वेळी हाताशी सोनोग्राफी होती. रुग्णाला न कापता शिवलेली कंडरा टिकली का, ते दिसत होतं.

१९९१ साली अमेरिकेतल्या डग्लस हॅरीमन आणि सहकाऱ्यांनी १०५ दुरुस्त्या तपासल्या. फक्त सुप्रास्पायनेटस शिवलेली होती त्यांच्यात पाचांतली एक पुन्हा सुटलेली निघाली. एकाहून जास्त कंडरा फाटलेल्या होत्या तिथे निम्म्याहून जास्त. २००४ साली लीसा गालात्झ आणि सहकाऱ्यांनी मोठ्या फाटींच्या १८ दुर्बिणीतल्या दुरुस्त्या वर्षभराने पाहिल्या. १७ सुटलेल्या होत्या. अठरांपैकी सतरा! आणि गंमत म्हणावी की काय, त्यातल्या बहुतेकांचं दुखणं कमी झालं होतं आणि हात पुष्कळ वर जात होता. दुरुस्ती टिकली नाही, पण माणूस सुधारला.

मग प्रयोगशाळेतले उंदीर आले. त्यांच्या खांद्यावरचं छप्पर माणसासारखं असतं, म्हणून ते निवडले गेले. कंडरा शिवून काहींना प्लास्टर घातलं, काहींना पळवलं. बांधून ठेवलेल्यांची कंडरा हाडाला जास्त चांगली धरली. हे समजण्यासारखं होतं, कारण कंडरा आणि हाड यांच्या मधला मूळचा सांधा चार थरांचा, हळूहळू कठीण होत जाणारा असतो. एकदा तुटल्यावर तो तसा पुन्हा होत नाही, व्रणाची जोडणी होते आणि तिला वेळ लागतो. पुढच्या प्रयोगात शिवल्यावर लगेच दुसऱ्याने हलवलेले उंदरांचे खांदे उलट जास्त ताठरले. मग बांधणंच बरोबर? तसंही नाही. स्नायूच बधिर करून कंडरेवरचा ताण पूर्ण काढला तेव्हा ती आणखी वाईट जुळली. थोडा ताण हवा, फार नको. कॉडमन वाकून जे सांगत होते त्याच्या जवळपास आपण फिरून आलो.

माणसांत काय झालं? २०१०च्या एका अभ्यासात ४३ रुग्णांचे हात सहा आठवडे बांधून ठेवले. सहा आठवड्यांनी त्यातले १० जण ताठरले होते. वर्षभराने त्यांचा ताठरपणा इतरांइतकाच राहिला होता, म्हणजे उरला नव्हता. आणि एमआरआयमध्ये त्या ताठर दहांपैकी सात जणांची कंडरा शाबूत दिसली, इतरांत मात्र साधारण तिघांत एकाची. २०१४ साली ६५च्या आतल्या १२४ रुग्णांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलं. एका गटाने लवकर हलवला, दुसऱ्याने सहा आठवडे बांधला. तीन महिन्यांपर्यंत लवकर हलवणाऱ्यांचा हात जास्त मोकळा होता. सहा महिन्यांनी फरक संपला. कंडरा जुळण्यातही फरक नव्हता.

मी हे वन्संना फोनवर वाचून दाखवलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. "म्हणजे तुमचे डॉक्टरही चुकीचे नाहीत," म्हणाल्या. "आणि तुमचेही," मी म्हटलं. छोट्या फाटीला दोन्ही चालतं. मोठ्या फाटीला, वय झालेल्या खांद्याला थांबलेलं बरं, आणि मुळात ताठरणाऱ्या खांद्याला, मधुमेह्याला, थोडं लवकर. आमच्या कागदांतला फरक शहाणपणाचा नव्हताच, काळाचा आणि फाटीच्या मापाचा होता. हे दोन वाक्यांत कुणी सांगितलं असतं तर मी एवढी घाबरले नसते.

शिवायचंच का?

एक प्रश्न मी ऑपरेशनआधी विचारायला हवा होता. १९९५ साली ९६ निरोगी, काहीच न दुखणाऱ्या माणसांच्या खांद्यांचे एमआरआय काढले. साठीच्या पुढच्यांत निम्म्याहून अधिकांच्या कंडरेत फाट होती, आणि त्यांना पत्ताही नव्हता. वयाबरोबर केस पिकतात तशी ही कंडराही झिजते. अमेरिकेतल्या अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या २०१३च्या अभ्यासात अपघाताविना पूर्ण फाटलेल्या कंडरांच्या शेकडो रुग्णांना आधी फक्त व्यायाम दिला. दोन वर्षांत चौथ्या हिश्शाहून कमी लोकांनी ऑपरेशनचा मार्ग धरला. आणि नीअर यांचं हाड तासणं? २०१८ साली ब्रिटनमधल्या ३१३ रुग्णांच्या चाचणीत, कंडरा पूर्ण न फाटलेल्या दुखऱ्या खांद्यांत, हाड तासलेले आणि नुसती दुर्बीण घालून बाहेर काढलेले यांच्यात जाणवण्याजोगा फरक निघाला नाही. चाळीसहून जास्त वर्षं ते ऑपरेशन जगभर होत होतं.

माझं ऑपरेशन अनाठायी होतं असं मी म्हणत नाही. माझी फाट एका हिसक्यात झालेली, हात अजिबात उचलत नव्हता. अशा वेळी शिवणं योग्य असं आजही मानतात. पण मला दुसरा रस्ता असू शकतो हे कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

माझं कार्ड

सहाव्या आठवड्याला झोळी सुटली. दंड इतका बारीक झाला होता की ब्लाउजची बाही सैल पडत होती. मग काठी धरून हात वर, भिंतीवर बोटांनी चढणं, रोज पेन्सिलीची खूण. तिसऱ्या महिन्यात रबरी पट्टा. चौथ्यात मी एकदा चिडून रडले, कारण कुकरचं झाकण उघडताना हात मधेच गळून पडला. त्या मुलीने गोड बोलून समजूत घातली नाही. ती म्हणाली, "काकू, स्नायू दीड वर्षाचं काम चार महिन्यांत करणार नाही." सहाव्या महिन्यात अंबाडा जमला. वाकडा, पण स्वतःचा.

मध्यंतरी ऑपरेशनला वर्ष झालं. रुग्णालयातून बिलाच्या सवलतीचे, तपासणी पॅकेजचे, वाढदिवसाचे संदेश नेमाने येत होते. हात कसा आहे, असा एकही आला नाही. मला राग आला नाही. कॉडमन वाचल्यावर आश्चर्यही वाटलं नाही.

मी वहीचं एक पान फाडून त्याच्यासारखं कार्ड केलं. वय ६१. उजवा खांदा. निदान, ऑपरेशनची तारीख, किती अँकर. बिघाड : काही नाही. वर्षानंतर : दुखणं रात्री क्वचित. अंबाडा येतो. कुकर येतो. माळ्यावरचा डबा डाव्या हाताने. फळ्याची वरची ओळ नाही, खालून तिसरीपर्यंत. पुन्हा हाच निर्णय घ्याल का : बहुतेक हो, पण आधी विचारेन.

त्याचा फोटो मी सर्जनना पाठवला. दोन दिवसांनी त्यांचं उत्तर आलं. असं कुणी कळवत नाही, बरं वाटलं, एकदा सोनोग्राफी करून घ्या, कंडरा टिकली आहे का बघू.

हे वाचून पोटात गोळा आला. त्या सतरा जणांतली मी असेन तर? हात तर चालतोय. मग कळून काय करायचं? आठवडाभर मी तो संदेश तसाच ठेवला. काही न कळलेलंच बरं, हे वाळूतल्या डोक्याचं सुख किती मऊ असतं ते मला त्या आठवड्यात समजलं. सुटलेली निघाली तरी अंबाडा काही विस्कटणार नाही, एवढं मला अभ्यासाने कळलं होतं. पण ती सुटली की टिकली हे कुठेतरी नोंदलं गेलं, तर माझ्यानंतर त्या टेबलावर झोपणाऱ्या बाईला कदाचित थोडं खरं सांगता येईल.

पुढच्या मंगळवारची सोनोग्राफीची वेळ घेतली आहे. वन्संनीही नाशिकला त्याच दिवशीची घेतली.